२४९ की २५०? गावाच्या लोकसंख्येवर रस्ता कसा ठरतो

डोंगराळ किंवा आदिवासी भागातल्या वस्तीत २५० माणसे असली की ती प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या पक्क्या रस्त्यासाठी पात्र ठरते. २४९ असली तर सहसा नाही. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या या योजनेत सपाट प्रदेशासाठी ५०० आणि डोंगरी, आदिवासी, वाळवंटी भागांसाठी २५० ही किमान लोकसंख्या ठरली. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यात नक्षलग्रस्त जिल्ह्यांतली अट १०० पर्यंत खाली आली. या टप्प्यात देशभरात सुमारे २५ हजार वस्त्या बारमाही रस्त्याने जोडायच्या आहेत.

इथे 'वस्ती' हा शब्द महत्त्वाचा. जनगणना मोजते महसुली गाव. एका महसुली गावात गावठाण, चार वाड्या आणि डोंगरावरचे दोन पाडे असू शकतात. गावठाणापर्यंत डांबरी रस्ता आला की कागदावर गाव जोडले जाते, पाड्यावरचा रुग्ण मात्र पावसाळ्यात डोलीतूनच खाली येतो. म्हणूनच ग्रामसडक योजनेने गावाऐवजी वस्ती हे एकक धरले. ५०० मीटरच्या आतल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र मोजता येते. डोंगरात हेच अंतर पायवाटेने दीड किलोमीटर धरतात.

आता आकड्याची गंमत पाहा, म्हणजे खरे तर अडचण. चौथ्या टप्प्यासाठीही लोकसंख्या २०११ च्या जनगणनेचीच धरली आहे. ती मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीदरम्यान झाली. या संपूर्ण काळात जो गावाबाहेर असेल, त्याची नोंद नियमाने तो जिथे सापडेल तिथे होते. फेब्रुवारीत ऊसतोडीचा हंगाम जोरात असतो. बीडसारख्या जिल्ह्यातली कुटुंबेच्या कुटुंबे तेव्हा कारखान्याच्या फडावर असतात. साहजिकच त्यांच्या मूळ तांड्याचा आकडा खऱ्यापेक्षा कमी भरू शकतो. मोठ्या गावात याने फारसा फरक पडत नाही, अडीचशेच्या उंबरठ्यावरच्या तांड्याला पडतो.

रस्ता झाला म्हणजे गाडी आली असेही नाही. एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) धावली आणि पुढे 'गाव तिथे एसटी' हे महामंडळाचे ब्रीद झाले. पण फेरी टिकते ती भारमानावर, म्हणजे किती आसने भरतात यावर. तीनशे वस्तीच्या गावात सकाळी जाणारी आणि संध्याकाळी मुक्कामाला येणारी गाडी भरते, दुपारची रिकामी धावते आणि बंद पडते. मग उरते ती खासगी जीप. पश्चिम महाराष्ट्रात तिला वडाप म्हणतात, विदर्भ-मराठवाड्यात काळी-पिवळी. तीही सीट भरल्याशिवाय हलत नाही. बारावीपर्यंत शिकणाऱ्या मुलींसाठी मानव विकास कार्यक्रमातून वेगळ्या बस सोडाव्या लागल्या, त्या याच कारणामुळे.

गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाड्याला पहिली एसटी लागली ती थेट १ जानेवारी २०२५ रोजी, अहेरीहून. त्यासाठी आधी गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी हा ३२ किलोमीटरचा रस्ता व्हावा लागला.

आपल्या गावाची नोंद पाहायची असेल तर जिल्हा जनगणना पुस्तिका उघडावी. गावात बस नसेल तर ती किती लांब आहे हे तिथे तीनच गटांत सांगितलेले असते: ५ किलोमीटरच्या आत, ५ ते १०, आणि १० च्या पुढे. मधे नदी आहे की घाट, हे त्या रकान्यात कळत नाही. काही गावांपुढे लोकसंख्या शून्य दिसेल. ती चूक नव्हे. महसुली भाषेत ही 'बेचिराख' गावे, म्हणजे शिवार आहे पण राहणारे कोणी नाही. २०११ मध्ये देशातल्या सुमारे ६ लाख ४० हजार गावांपैकी ४३ हजारांच्या आसपास गावे अशी होती.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच येते, ऊसतोडीच्या हंगामात.