घशाच्या कर्करोगातील जनुकीय दर्शक

घसा व स्वरयंत्र यांच्या कर्करोगात रोगाची पुढची वाटचाल कशी होईल याचा अंदाज, म्हणजे फलानुमान, बांधण्यास उपयोगी पडणारे जनुकांतील व प्रथिनांतील बदल. गाठीचा आकार आणि मानेतील लसीका ग्रंथींतील प्रसार या जुन्या निकषांना त्यांची जोड मिळते.

पी-१६ : टॉन्सिल व जिभेच्या मुळाशी होणाऱ्या कर्करोगात हा सर्वांत भरवशाचा दर्शक. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचे ई-७ प्रथिन पेशीतील आरबी प्रथिन निकामी करते; त्यामुळे पी-१६ प्रथिन साचते व ऊतिछेदावर रंजनाने दिसते. किमान ७० टक्के पेशींत केंद्रक व पेशीद्रव्य दोन्ही ठळक रंगले, तर चाचणी होकारार्थी धरतात. अँग व सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात तीन वर्षांनंतर विषाणूजन्य गटातील ८२.४ टक्के, तर विषाणू नसलेल्या गटातील ५७.१ टक्के रुग्ण हयात होते. मात्र दीर्घकाळ धूम्रपान केलेल्यांत हा लाभ घटला. पी-१६ होकारार्थी पण विषाणूचा डीएनए नाही, अशा रुग्णांचे फलानुमानही तितके चांगले नसते. तंबाखूचे सेवन सर्रास असलेल्या मराठवाड्यात म्हणूनच एकट्या पी-१६ वर विसंबून उपचार सौम्य करू नयेत. भारतातील विषाणूजन्य रुग्णांच्या प्रमाणाबाबत अभ्यासांत एकवाक्यता नाही. रंजन जनुकवाचनापेक्षा पुष्कळ स्वस्त असल्याने जिल्ह्याच्या ठिकाणी आधी त्याचाच आग्रह धरावा.

टीपी-५३ : विषाणूविरहित गाठींत बहुधा बिघडलेले जनुक. प्रथिनाची रचनाच मोडणारी उत्परिवर्तने अधिक घातक.

इतर : सीसीएनडी-१ ची वाढलेली प्रतिसंख्या, सीडीकेएन-२ए चा लोप, ईजीएफआर मधील बदल.

छत्रपती संभाजीनगर : इंडियन कॅन्सर सोसायटीची कर्करोग नोंदणी येथे (तत्कालीन औरंगाबाद) १९७८ पासून आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ मध्ये सुरू झाले. अशा नोंदणीचा गाभा वय, लिंग, अवयव व ऊतिप्रकार हा असतो. त्यात पी-१६ चा एक रकाना वाढला, तर स्थानिक फलानुमानाला भक्कम आधार मिळेल. स्थानिक नोंदींची गरज आणखी एका कारणाने आहे : खारघरचे ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र व कल्याणीची जैववैद्यकीय जीनोमिकी संस्था यांचे २०१३ मधील भारतीय जीनोमवाचन महत्त्वाचे, पण ते गाल-हिरडीच्या कर्करोगाचे आहे; घशाला ते जसेच्या तसे लावता येत नाही.

आनुवंशिकता : फॅन्कोनी पांडुरोगात हा कर्करोग होण्याचा धोका वाढतो.