दरबारखर्च : लाच रीतसर हिशेबात आली तेव्हा

१/ चुकीचा हिशेब ‘बरोबर आहे’ अशा शेऱ्यानिशी मंजूर होण्याचा धोका म्हणजे लेखापरीक्षणाची जोखीम. लेखापरीक्षक तिचे तीन घटक मानतात : व्यवहारातच दडलेला धोका, अंतर्गत नियंत्रण तोकडे पडण्याचा धोका आणि तपासणीतूनही चूक निसटण्याचा धोका. पेशवाईत हे तिन्ही स्पष्ट दिसतात.

२/ पहिला धोका मामलेदाराच्या पदातच होता. तो पुण्यापासून दूर, आणि वसुली व शिबंदी त्याच्याच हाती. वसूल दडवणे, सूट दिल्याचे खोटे दाखवणे, शिबंदीची खोटी हजेरी मांडणे या त्याच्या परिचित वाटा.

३/ त्यावर अंकुश दरकदारांचा. मुजुमदार कागद तपासून फडणिसाकडे धाडी. फडणीस तारीख घालून रोजचा हिशेब राखी. दप्तरदार त्यावरून खतावणी करून मासिक गोषवारा सरकारात पाठवी. पोतनीस रोकड सांभाळी. मामलेदाराला त्यांना पदावरून दूर करता येत नसे. त्यांच्या स्वातंत्र्याचा पाया हाच.

४/ तरीही भगदाड पडले, ते वरच्या तपासणीत. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालानुसार रयतेकडून जादा पट्टी घेऊन मंत्री व हिशेब तपासणारे यांना लाच दिली जाई. नाव ‘दरबारखर्च’ किंवा ‘अंतस्थ’. कालांतराने ही लाच ठरीव रक्कम बनली आणि तिचीही इतर खर्चासारखी तपासणी होऊ लागली! मग नव्या लाचेसाठी नवी पट्टी. नाजूक बाब म्हणून खोलात कोणी शिरेना. त्या आडोशाने मामलेदार स्वतःसाठी त्याहून अधिक उकळी.

५/ दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलतींचाच लिलाव होऊ लागला. बोलीची रक्कम वसूल करण्याच्या घाईत नियंत्रण उरले नाही. भार अखेर रयतेवर.

६/ अर्थात एल्फिन्स्टन हा जेत्यांचा अधिकारी. त्याचा अहवालही तपासूनच वाचावा.

७/ हा प्रश्न जुना झालेला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. बनावट कर्जखात्यांतून पैसा वळवल्याचा तपास यंत्रणेचा आरोप आहे. ठेवींना विम्याचे संरक्षण केवळ ५ लाखांपर्यंत. म्हणून ताळेबंदाखालची सही पाहताना बेरजेइतकेच हेही विचारावे : तपासणाऱ्याला नेमतो कोण, मेहनताना देतो कोण आणि काढू शकतो कोण?