खोली सोडली, पण किल्ली राहिली

पिंप्राळ्यात भाड्याची खोली सोडताना घरमालक किल्ली परत घेतो. समजा, घ्यायची राहिली. काही दिवसांनी जुना भाडेकरू बिनधास्त कुलूप उघडतो, तर आत भलताच माणूस! ब्राउझरच्या मेमरीत असं झालं की त्याला 'यूज-आफ्टर-फ्री' म्हणतात.

१२ जानेवारी २०१० ला गूगलने आपल्यावर हल्ला झाल्याचं जाहीर केलं. पुढे तो 'ऑपरेशन अरोरा' म्हणून गाजला. दार होतं इंटरनेट एक्सप्लोरर. वेबपेजमधला एक घटक काढला, मेमरी मोकळी झाली. पण एका इव्हेंट ऑब्जेक्टकडे तिचा पत्ता तसाच राहिला. हल्लेखोराने तिथे स्वतःचा डेटा भरला आणि ब्राउझर तोच कोड समजून चालवून बसला.

२१ जानेवारीला पॅच आला. पण खरी गंमत पुढे आहे. डेटाच्या जागेतून कोड चालू न देणारी 'डेप' ही सोय विंडोज एक्सपीमध्ये २००४ पासून होती! ब्राउझरच्या सहाव्या-सातव्या आवृत्तीत मात्र ती बंद असायची, कारण जुनी अ‍ॅड-ऑन्स बिघडायची. आठव्या आवृत्तीत ती आपोआप चालू झाली. हल्ला यशस्वी ठरला तो सहाव्या आवृत्तीवर.

नंतर विचारच बदलला: किल्ली परत येईपर्यंत खोली दुसऱ्याला द्यायचीच नाही. २०२२ मध्ये क्रोममध्ये आलेलं 'मिरॅकलपॉइंटर' हेच करतं.

म्हणून पेपर वाचताना 'चूक कुठे होती?' एवढ्यावर थांबू नका. 'बचाव हाताशी होता, मग बंद का होता?' हेही विचारा. संशोधनाचा प्रश्न बऱ्याचदा तिथेच सापडतो.