रक्तसंक्रमण आणि वृद्धांची फुफ्फुसे : खानदेशाच्या संदर्भात एक ऐतिहासिक टिपण

रक्तसंक्रमणाच्या इतिहासात दोन धोक्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पहिला रक्तगट न जुळण्याचा. लँडस्टायनर याने १९०१ मध्ये गटांचा उलगडा केला आणि डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ‘बाँबे’ गट जगापुढे मांडून त्या इतिहासात मुंबईचे नाव कायमचे कोरले. दुसरा धोका रोगसंसर्गाचा. त्याच्या निवारणार्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निर्णय दिला व १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्याची प्रथा बंद झाली. गट जुळलेल्या, निर्दोष रक्तानेही फुफ्फुसांत पाणी साचून वृद्ध रुग्ण दगावू शकतो, हा तिसरा धोका मात्र दीर्घकाळ उपेक्षित राहिला. प्रस्तुत टिपणाचा विषय तोच होय.

ही उपेक्षा अज्ञानामुळे झाली असे म्हणता येत नाही. लंडनमध्ये मॅरियट व केकविक यांनी १९३५ मध्ये थेंबाथेंबाने रक्त देण्याची पद्धती वर्णिली. पुढच्याच वर्षी प्लमर याने अतिभारामुळे हृदय थकून झालेल्या मृत्यूंकडे लक्ष वेधले. आणि १९४० मध्ये मॅरियट-केकविक यांनी पंडुरोगात रक्त किती व किती वेगाने द्यावे, ह्याच प्रश्नावर स्वतंत्र लेख लिहिला. परंतु १९४२ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या अ‍ॅडम्स व लंडी यांनी शस्त्रक्रियेपूर्वी हिमोग्लोबिन दहा ग्रॅम असावे असे सुचविले. आकडा लक्षात ठेवणे सोपे असते, तारतम्य कठीण. म्हणून आकडा राहिला आणि सावधगिरी मागे पडली.

आपल्याकडे ह्यात भाषेचाही थोडा वाटा असावा. मराठीत रक्त ‘भरतात’ किंवा ‘चढवतात’. जणू रुग्ण म्हणजे रिकामा रांजण. अपघातात वा बाळंतपणात रक्त वाहून गेले असता ही कल्पना यथार्थ आहे. परंतु ज्याचे रक्त वर्षानुवर्षे हळूहळू पातळ होत गेले, त्याच्या शरीराने लाल पेशींची उणीव रक्तद्रवाने भरून काढलेली असते. रांजण भरलेलाच असतो. त्यात आणखी साडेतीनशे मिलिलिटरची पिशवी तासाभरात ओतली, तर शिथिल हृदय व थकलेली मूत्रपिंडे तो भार पेलू शकत नाहीत. जुनाट पंडुरोग खानदेशास अपरिचित नाही. सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांत तर सिकलसेलचा विकारही आढळतो.

ह्याहून निराळा प्रकार दात्याच्या रक्तद्रवातील प्रतिपिंडांमुळे घडतो. बार्नार्ड याने १९५१ मध्ये त्याचे वर्णन केले होते. पॉपॉव्स्की व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये त्यास ‘ट्राली’ हे नाव दिले, तेही मेयो क्लिनिकमध्येच! असे प्रतिपिंड अनेक गर्भधारणा झालेल्या स्त्रियांच्या रक्तात अधिक आढळतात. म्हणून इंग्लंडने २००३ पासून प्राधान्याने पुरुषदात्यांचे रक्तद्रव वापरण्यास आरंभ केला. दोन्ही प्रकारांत दम लागतो, प्राणवायू घटतो; पण अतिभारात लघवीचे औषध उपकारक, तर ट्रालीमध्ये ते अपायकारकही ठरू शकते. निदानाचा हा भेद केवळ नावापुरता नाही.

दहा ग्रॅमच्या आकड्याची खरी परीक्षा फार उशिरा झाली. मांडीचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या, सरासरी एक्याऐंशी वर्षे वयाच्या २,०१६ रुग्णांवरील अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ ग्रॅमपर्यंत थांबल्याने मृत्यू वाढले नाहीत, की रुग्णाचे चालणे-फिरणे मागे पडले नाही.

भारतात अशा प्रतिक्रियांची राष्ट्रीय पातळीवर पद्धतशीर नोंद १० डिसेंबर २०१२ पासून सुरू झाली. ऐच्छिक असल्याने ती पाठविणाऱ्याच्या निष्ठेवर अवलंबून आहे. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जळगावचे शासकीय महाविद्यालय, तेथील रेड क्रॉसची रक्तपेढी, अशा संस्थांमुळे खानदेशात रक्त मिळण्याची सोय झाली आहे. परंतु रक्त पेढीबाहेर पडल्यानंतरचा इतिहास रुग्णाच्या केसपेपरवरच लिहिला जातो. सत्तरी ओलांडलेल्या रुग्णास रात्री दम लागला की ‘वयोमानानुसार हृदयविकार’ असा शेरा मारणे सोपे असते. पिशवी केव्हा लावली, केव्हा संपली, रुग्णाचे वजन किती होते, आणि दम त्यानंतर किती तासांनी लागला, एवढ्या चार गोष्टी त्याच कागदावर असतील, तरच पुढील संशोधकास त्या मृत्यूचे कारण शोधता येईल.