मुक्कामाची चिठ्ठी

शिवाजीमहाराज आग्र्यास गेले, दरबारात त्यांचा अपमान झाला, ते नजरकैदेत पडले आणि तेथून निसटले, ही कथा मराठी मुलाला शाळेत जाण्यापूर्वीच ठाऊक असते. वर्गात ती मी कितीतरी वेळा सांगितली आहे. परंतु या कथेत गिरधरलाल नावाचा एक मुनशी आहे. त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. जयपूरच्या दप्तरात सापडलेल्या राजस्थानी पत्रांत त्याचे नाव येते. ११ मे १६६६ रोजी महाराज आग्र्याबाहेर मलूकचंदाच्या सराईत उतरले. मिर्झाराजे जयसिंगांचा पुत्र रामसिंग याच्यावर त्यांच्या व्यवस्थेचा भार होता. त्याने आपल्या या मुनशीला सामोरे पाठविले. दुसऱ्या दिवशी बादशहाच्या वाढदिवसाचा दरबार, आणि रामसिंगाची नेमकी त्याच दिवशी राजवाड्यावर पहाऱ्याची पाळी! तेव्हा पाहुण्यांना आणावयास पुन्हा गिरधरलालच. तो महाराजांना घेऊन एका वाटेने निघाला आणि पहाऱ्यातून सुटलेला रामसिंग त्यांच्या भेटीसाठी दुसऱ्याच वाटेने गेला. चुकामूक झाली, माणसे धावली, अखेर गाठ पडली. पण तोवर दिवाण-इ-आममधील मुख्य दरबार आटोपून बादशहा दिवाण-इ-खासमध्ये जाऊन बसला होता.

या चुकामुकीने इतिहास बदलला, असे मी म्हणणार नाही. औरंगजेबाचे मन काही वाट बदलल्याने बदलणारे नव्हते. मला कुतूहल आहे ते गिरधरलालचे. कोठे उतरावयाचे, कोणत्या वाटेने न्यावयाचे, केव्हा पोहोचवावयाचे, ही सारी जुळणी करणारा हा माणूस चूक झाली म्हणून तरी पत्रात उरला. सारे सुरळीत पार पडते तर त्याचे नाव आपल्याला कळले असते काय?

आज एखाद्या कंपनीचा साहेब परगावी निघतो, तेव्हा कचेरीतील एखादी सहायक मुलगी संगणकावर त्याची हॉटेलातली खोली ठरवून टाकते. तिच्या कामाची वंशावळ मी गेली काही वर्षे हौसेने शोधतो आहे. ती राजदरबारातून निघते, टपालकचेरीतून जाते, आणि आमच्या शिरूर अनंतपाळच्या पाटील-पटवाऱ्यांच्या दारावरूनही गेलेली आहे.

कंपनी सरकारच्या काळात आगगाडी येण्यापूर्वी साहेबाला पालखीने लांबचा प्रवास करावयाचा असला, म्हणजे तो काही दिवस आधी पोस्टमास्तराला चिठ्ठी पाठवी. नाव काय, कोठून कोठे जाणार, केव्हा निघणार, हे तीत लिहावे लागे. आठ भोई, दोन मशालजी, सामानाच्या कावडीला आणखी दोघे, असा तांडा टप्प्याटप्प्यावर तयार ठेवावयाचा. याला 'डाक बसविणे' म्हणत. पैसे आगाऊ भरावे लागत. शिवाय प्रवाशाने वाटेत खोळंबा केला तर त्याच्या भरपाईसाठी वेगळी अनामत! खोली रद्द केली तर एका रात्रीचे भाडे कापून घेणाऱ्या हॉटेलवाल्यांना आपण उगाच नव्या जमान्याचे समजतो. १८४० च्या सुमारास वाटावाटांवर डाकबंगले झाले. तेथे खानसामा असे, रात्रीला रुपयाच्या हिशेबाने भाडे असे, आणि एक नियम मोठा समंजस होता: चोवीस तास राहून झालेल्या प्रवाशाने नव्याने आलेल्याला जागा द्यावयाची.

आमचा मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पहिल्या सालारजंगाने १८६५ साली जिल्हाबंदी केली आणि तालुकदार, तहसीलदार ही उतरंड उभी राहिली. अधिकारी वाढले, दौरे वाढले. आता आमच्यासारख्या आडवळणाच्या गावी डाकबंगला कोठून असणार? साहेबाचा दौरा निघाला की तहसिलीतून चिठ्ठी सुटे. ती पटवाऱ्याच्या हाती पडली की गावाच्या पोटात गोळा येई, असे जुनी माणसे सांगत. आंबराईत डेरे पडत. गवत, सरपण, दूध, कोंबड्या, अंडी यांची रसद गावाने पुरवावयाची. सामान पुढच्या मुक्कामाला पोहोचविण्यासाठी बैलगाड्या द्यावयाच्या. आणि पाणी भरणे, डेरे ठोकणे, रात्री जागणे ही वेठ महार-मांगांच्या माथी. साहेब निजत तेव्हा ही माणसे शेकोटीशी बसून असत. चिठ्ठी लिहिणारा कारकून स्वभावाने वाईट होता असे नव्हे. त्याने मुक्काम कळविला, आकडा कळविला, तारीख कळविली. त्याचे काम चोख झाले. त्या चोख कामाची किंमत कोणी मोजली, हे चिठ्ठीत लिहिण्याची पद्धत नव्हती.

हे केवळ निजामी राज्यातच होते असे कोणी समजू नये. हिमालयात कुमाऊँमध्ये इंग्रजी अमलाखाली हीच चाल 'कुली-बेगार' म्हणून चाले. दौऱ्यावरच्या अंमलदारांसाठी कोणी केव्हा ओझे वाहावयाचे, याच्या वह्या गावच्या मुखियांकडे असत. जानेवारी १९२१ मध्ये मकरसंक्रांतीच्या जत्रेला बागेश्वर येथे जमलेल्या लोकांनी त्या वह्या सरयू नदीत फेकून दिल्या. पुढाऱ्यांत बद्रीदत्त पांडे होते. स्वातंत्र्याच्या इतिहासात गोळीबार आणि तुरुंग पुष्कळ आहेत; मुक्कामाच्या वह्या बुडविण्याचा हा प्रसंग मला त्यांच्याइतकाच मोठा वाटतो.

व्यापाऱ्यांची रीत निराळी होती. १९११ साली बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी लातूरला येऊन पोहोचली आणि लातूरची अडत बाजारपेठ फोफावली. माल बघावयास परगावचा खरेदीदार यावयाचा, तर त्याच्या पेढीवरचा मुनीम आधी एक कार्ड टाकी. अमुक तिथीस आमचा माणूस येत आहे, सोय करावी. एवढेच. सोय म्हणजे अडत्याच्या माडीवर गादी, सकाळी चहा, दुपारी जेवण. भाडे नाही, पावती नाही. पण ज्याच्या माडीवर निजला त्याच्याशीच सौदा करण्याची भीड पडे, आणि अडत्यालाही तेच हवे असे. पुढे लॉजिंग-बोर्डिंग निघाली तेव्हा खरेदीदार पैसे देऊन मोकळा झाला. भीड गेली हे चांगले झाले, असे माझे स्पष्ट मत आहे, मग जुन्या पाहुणचाराचे कोणी कितीही गोडवे गावोत.

शहरात नावलौकिकाच्या माणसांना अडचण नव्हती. लोकमान्य मुंबईत सरदारगृहात उतरत. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी देह ठेवला तोही तेथेच. पण त्याच्या तीनच वर्षे आधी एका मराठी माणसाची जी दशा झाली, ती वाचली म्हणजे हा विषय केवळ हौसेचा राहत नाही.

१९१७ साली भीमराव आंबेडकर बडोद्यास गेले. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला व लंडनला शिकले होते आणि कराराप्रमाणे संस्थानची चाकरी करण्यास हजर होत होते. म्हणजे कामासाठी आलेला, सरकारने बोलाविलेला प्रवासी. पण त्यांच्यासाठी मुक्काम ठरलेला नव्हता. हिंदूंच्या खाणावळीत जागा मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होते. शेवटी ते एका पारशी विश्रामगृहात गेले. तेथला रखवालदार म्हणाला, येथे फक्त पारशांनाच राहता येते. अखेर नोंदवहीत पारशी नाव लिहावयाचे आणि रोजचा दीड रुपया द्यावयाचा, असे ठरले. दिवसभर कचेरी आणि रात्री त्या ओसाड इमारतीत कंदिलाच्या उजेडात एकट्याने बसणे! सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता. दिवाणांनी विचार करण्याचे आश्वासन दिले होते, आणि अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले. संध्याकाळपर्यंत जागा सोड, असा हुकूम झाला. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागून पाहिला. दोघांनीही अडचण सांगितली. मग बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला. ते लेखन पुस्तकरूपाने १९९० साली प्रसिद्ध झाले. तो वाचताना काठ्या घेतलेल्या माणसांचा संताप सर्वांनाच येतो. मला मात्र तो टेबलावरचा अर्जही डोळ्यांपुढून हलत नाही. एका बंगल्याची किल्ली द्यावयाची होती. कोणा कारकुनाने चार ओळी लिहून वर पाठवावयाच्या होत्या. त्या दहा-अकरा दिवसांत त्या लिहिल्या गेल्या नाहीत. त्या कारकुनांची नावे इतिहासाला माहीत नाहीत. गिरधरलालएवढेही त्यांचे नशीब नाही, आणि ते बरेच झाले.

१९६० पासून बहुतेक हिवाळ्यांत विधिमंडळाचे अधिवेशन नागपुरास भरते, तेव्हा शेकडो माणसांचे मुक्काम कागदावर मांडले जातात. आमदार निवास, रविभवन, कर्मचाऱ्यांसाठी एकशेसाठ खोल्यांचे गाळे. कोणाला कोठे, हे ठरविणे म्हणजे एक छोटे राज्य चालविणेच. मंत्र्यांच्या दौरा कार्यक्रमात 'शासकीय विश्रामगृह, लातूर येथे आगमन व राखीव' अशी ओळ येते. तो 'राखीव' शब्द खरा करून दाखविण्यासाठी येथे कितीजणांचे फोन वाजतात, हे आम्ही गावकरी पाहतो.

शिरूर १९९९ साली तालुका झाले. शाळेत माझ्या हाताखालून गेलेली एक मुलगी आता हैदराबादच्या एका बियाणे कंपनीसाठी तिच्या लातूरच्या कचेरीत बसून फिरत्या अधिकाऱ्यांच्या खोल्या ठरविते. गेल्या दिवाळीला ती घरी आली होती. मी तिला गिरधरलाल सांगितला, बडोदे सांगितले. तिने आपल्या कामातल्या खाचाखोचा सांगितल्या. २०१७ साली जीएसटी आल्यापासून खोलीचा कर हॉटेल ज्या राज्यात त्या राज्याचा धरतात. कंपनीची तेथे नोंदणी नसेल तर तो कर हिशेबात वळता होत नाही, म्हणून बिलावर कोणता क्रमांक घालावयाचा ते आधी पाहावे लागते. साहेबाचा बेत आयत्या वेळी बदलतो म्हणून पैसे परत मिळतील अशीच खोली घ्यावी लागते. रात्री अकराला उतरणाऱ्यासाठी हॉटेलला संध्याकाळीच पुन्हा फोन करून ठेवावा लागतो. नाहीतर खोली दुसऱ्याला जाते.

मग थोडे थांबून ती म्हणाली, "सर, लहान गावच्या लॉजवर फोनवरूनच ठरवावं लागतं. पूर्ण नाव विचारतात. काही आडनावं सांगितली की पलीकडे जरा शांतता होते, आणि मग खोली शिल्लक नसते."

"मग तू काय करतेस?"

"आधी पैसे पाठवते," ती म्हणाली, "पावती आली की मग नाव सांगते."