पुढे सरका, अजून जागा आहे

दांडी घट्ट धरा. घामानं ओली आहे, हात सुटेल. एक पाय पायरीवर, दुसरा अजून हवेत, मागून कुणाचं तरी कोपर तुमच्या बरगडीत. हां, आलात आत. साल १९५० च्या आसपास, मुंबईचा उन्हाळा, बेस्टची बस.

श्वास जरा जपून घ्या. डिझेलचा धूर आहे, काल भिजून आज वाळलेल्या सदऱ्यांचा वास आहे, पुढच्या बाईच्या अंबाड्यात सुकत चाललेला मोगरा आहे आणि या सगळ्यांना पुरून उरणारी, बाकाखाली सरकवलेली सुक्या बोंबलांची टोपली. डोक्यावरचा पत्रा तव्यासारखा तापलाय. बाहेर ट्राम घंटा बडवते, आत एक तान्हं मूल टिपेला पोचलंय. मुठीतले आणे घामानं चिकट झालेत.

आणि तेवढ्यात गर्दीतून चिमट्याची टिकटिक पुढे पुढे येते.

खाकी कपड्यांतला किडकिडीत तरुण. खांद्याला चामडी पिशवी, आवाज उंच आणि थोडा नाकातून. थांब्याची नावं तो नुसती सांगत नाही. ओढतो, मुरडतो, शेवटचं अक्षर फेरीवाल्यासारखं हवेत सोडून देतो. चढणाऱ्या जाड्या शेठची धाप तो हुबेहूब काढतो, तर सगळ्यात आधी शेठच हसतो. तान्हं मूल रडायचं विसरतं. कोळीण पदर तोंडाला लावते. गाडीला गचका बसला की तो अख्खा अंगभर लडखडतो, कोसळता कोसळता सावरतो, आणि पिशवीतलं एक नाणंही सांडत नाही! नीट बघा त्याचे पाय. रोज आठ-आठ तास हलत्या जमिनीवर उभा राहणारा माणूसच तोल असा खेळवू शकतो.

नाव बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी. इंदूरचा. बाप कामाला होता ती गिरणी बंद पडली, मोठं खटलं मुंबईला आलं. पोरानं बर्फाच्या कांड्या विकल्या, भाजी-फळं विकली, मग ही नोकरी. पगार महिना सव्वीस रुपये, असं सांगतात. पडद्यावरच्या नूर मोहम्मद चार्लीवर त्याचा जीव. त्याच्या करामती घोटून घोटून अंगात मुरवलेल्या. नाटक कंपनी नाही, गुरू नाही. आहेत ते तुम्ही, बाकड्यावरचे शेठ, कोळीण. तिकीट काढून आलेला प्रेक्षक!

बघा, हसता हसता तुमचा थांबा गेला की.

कोपऱ्यात एक उंच, शांत गृहस्थ बसलेत. तेही उतरलेले नाहीत. ते बलराज साहनी. त्यांनी याला बसमध्येच हेरलं असं बहुतेक जण सांगतात, आपण तेच धरून चालू. 'बाजी'ची पटकथा त्यांच्याच हातची, आणि दिग्दर्शक गुरुदत्त नवा, पहिलाच सिनेमा.

आता चला, दाराआड उभे राहू. आत गुरुदत्त बसलाय. एक झिंगलेला माणूस घुसतो. जीभ जड, गुडघे मेणाचे, डोळे भलतीकडेच. मुंबईत दारूबंदी आहे, म्हणजे हा पठ्ठ्या कुठून ढोसून आला, या विचारानंच तुमच्या पोटात गोळा येतो. आता हाकलणार, तुम्ही म्हणता. आणि बलराज हसतात, सांगून टाकतात: हे सगळं सोंग. दारुडा ताठ उभा राहतो, तोल सावरायचीही गरज नाही, कारण तो कधी गेलाच नव्हता. आपण दारूला कधी ओठ लावला नाही, असं तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. त्याला सिनेमातलं नाव मात्र मिळालं व्हिस्कीचं. जॉनी वॉकर.

मला या गोष्टीत गुरुदत्तचं मोठं कौतुक वाटतं. समोर ना शिफारसपत्र, ना देखणा चेहरा. तरी त्यानं भूमिका दिली, आणि पुढे 'प्यासा'त तेलाच्या बाटल्या हातात देऊन त्याला रस्त्यावर पाठवलं. तिथली तेल-मालिशवाल्याची आरोळी कान देऊन ऐका. शेवटचं अक्षर हवेत सोडण्याची ती लकब तुमच्या ओळखीची आहे.

पण ते नंतर. आत्ता १९५१. थिएटरात अंधार, विड्यांचा धूर, पंखा नावापुरता फिरतोय. पडद्यावर 'बाजी' चालू आहे आणि तो येताच तुम्ही शेजाऱ्याचा दंड धरता: अहो, हा आपला कंडक्टर! शेजारी हात झटकतो, त्याला ऐकायचंय.

दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच थांब्यावर. तीच ओली दांडी, तेच बोंबील. नवा कंडक्टर थांब्यांची नावं स्पष्ट, एका सुरात सांगतो. तान्हं मूल रडतंय. तुम्ही मागच्या पायरीकडे वळून वळून बघता. आज तुमचा थांबा चुकत नाही.