तळघरातल्या अकरा जणी

महात्मा जोतिराव फुले यांचे 'गुलामगिरी' हे पुस्तक आपल्या वस्तीत पुष्कळ घरी आहे. १८७३ साली ते निघाले तेव्हा जोतिरावांनी ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले, कारण त्यांनी काळ्या लोकांची गुलामी मोडण्यासाठी झीज सोसली होती. आपण अर्पणपत्रिका वाचतो आणि पान उलटतो. पण त्या सुटलेल्या गुलामांचे पुढे काय झाले, त्यांच्या लेकीसुनांना अक्षर कोणी दिले, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत आम्ही अमेरिकेतल्या अटलांटा शहरातील एका लहानशा महिला कॉलेजची हकिकत सांगत आहोत. त्याचे नाव स्पेलमन कॉलेज.

अटलांटा हे शहर जॉर्जिया राज्यात आहे. गुलामीच्या काळात तिथे गुलामाला लिहा-वाचायला शिकवणे हा गुन्हा होता. १८२९ साली तसा कायदाच झाला होता. आपल्याकडे धर्मशास्त्राने जे केले, ते तिथे सरकारने केले. १८६५ साली गुलामी संपली. हातापायाच्या बेड्या निघाल्या, पण शाळेचे दार काही आपोआप उघडले नाही. त्यातून बाईमाणसाचा नंबर तर सगळ्यात शेवटी.

सोफिया पॅकार्ड आणि हॅरिएट जाइल्स या उत्तरेकडच्या दोन गोऱ्या शिक्षिका. पॅकार्डबाई पन्नाशी ओलांडलेल्या. १८८० साली त्यांनी दक्षिणेत फिरून काळ्या स्त्रियांचे हाल डोळ्यांनी पाहिले, आणि दोघींनी शाळा काढायचे ठरवले. एका चर्चने शंभर डॉलर दिले, तेवढेच भांडवल. अटलांटात फ्रँक क्वार्ल्स नावाचे काळे धर्मगुरू होते, त्यांनी आपल्या फ्रेंडशिप बॅप्टिस्ट चर्चचे तळघर मोकळे करून दिले. ११ एप्रिल १८८१ रोजी तिथे शाळा सुरू झाली. ११ एप्रिल म्हणजे आपल्या जोतिरावांची जयंती! योगायोगच म्हणायचा, पण मोठा गोड योगायोग.

पहिल्या दिवशी विद्यार्थिनी आल्या अकरा. त्या काही लहान पोरी नव्हत्या. बहुतेक जणी गुलामीत दिवस काढलेल्या बायका होत्या. बायबल आपल्या डोळ्यांनी वाचता यावे आणि चार ओळी लिहिता याव्यात, एवढीच त्यांची मागणी. तळघरात ओल आणि अंधार. जागा पुरेना म्हणून कोळसा ठेवायच्या खोलीतही वर्ग भरे. तरी तीन महिन्यांत अकराच्या ऐंशी झाल्या. क्वार्ल्स शाळेसाठी पैसे गोळा करायला उत्तरेत गेले, आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

१८८२ साली या दोघी बायकांची गाठ तेलाचे धनाढ्य व्यापारी जॉन रॉकफेलर यांच्याशी पडली. त्यांनी २५० डॉलर कबूल केले. १८८३ साली शाळा तळघरातून निघून लष्कराच्या जुन्या बराकींत गेली. ती जागा कर्जावर घेतलेली होती. कर्ज फेडायला गरीब काळ्या लोकांनीही आपल्या मजुरीतून पैसा काढला, आणि उरलेले रॉकफेलरांनी भरले. १८८४ साली शाळेला त्यांच्या पत्नी लॉरा स्पेलमन यांच्या माहेरचे नाव दिले गेले. लॉराबाईंचे आईवडील गुलामीविरुद्ध झगडलेले होते, म्हणून नाव अगदीच उपरे नव्हते.

१८८५ पासून शाळेचे स्वतःचे मासिक निघू लागले, १८८६ साली नर्सिंगचे शिक्षण सुरू झाले. शिवण, स्वयंपाक, धुलाईही शिकवत, आणि गावोगावच्या शाळांसाठी शिक्षिका तयार करत. १९०१ साली पहिल्या दोन मुली पदवीधर झाल्या. तळघर ते पदवी, वीस वर्षे लागली. १९२४ साली 'स्पेलमन कॉलेज' हे नाव मिळाले.

या शिक्षणाने काय केले ते १९६० साली दिसले. अटलांटाच्या मोठ्या दुकानांत काळ्या माणसाने पैसे मोजून माल घ्यावा, पण तिथल्या उपाहारगृहात बसून खाऊ नये, असा रिवाज होता. आपल्या गावच्या हॉटेलातली वेगळी कपबशी ज्यांनी पाहिली, त्यांना हे समजावून सांगायला नको. ९ मार्चला तिथल्या विद्यार्थ्यांनी हक्काचे निवेदन वर्तमानपत्रांत छापले. ते लिहिण्यात पुढाकार होता रोझलिन पोप या स्पेलमनच्या विद्यार्थिनीचा. १५ मार्चला मुलेमुली उपाहारगृहांत जाऊन बसली. ७७ जणांना अटक झाली, त्यांत स्पेलमनच्या मुली होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांची आई आणि बहीण याच संस्थेत शिकल्या. १९६८ साली किंग यांची हत्या झाली, तेव्हा त्यांचे पार्थिव अंत्यदर्शनासाठी याच कॉलेजच्या प्रार्थनामंदिरात ठेवले होते.

पण एक गोष्ट बाकी होती. काळ्या मुलींच्या या कॉलेजचा कारभार १९५३ पर्यंत गोऱ्या अध्यक्षांच्या हाती होता. त्यानंतर काळे अध्यक्ष आले, पण पुरुष. १९७६ साली पुन्हा पुरुषच निवडला गेला, तेव्हा विद्यार्थिनींनी विश्वस्तांना सभेच्या खोलीत एक दिवसाहून जास्त कोंडून ठेवले. तरी काळी स्त्री अध्यक्ष व्हायला १९८७ साल उजाडले. जॉनेटा कोल त्यांचे नाव. म्हणजे एकशे सहा वर्षे! शाळेत शिरायला तीन महिने पुरले, खुर्चीवर बसायला शतक लागले.

बाबासाहेबांनी १९४६ साली काळ्यांचे थोर विद्वान डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिले होते. हे दु बॉइस स्पेलमनच्या शेजारच्या अटलांटा विद्यापीठात कित्येक वर्षे प्राध्यापक होते. तेव्हा हा इतिहास आपल्याला परका नाही.

आज त्या कॉलेजात दोन हजारांहून अधिक मुली शिकतात. २०२४ साली एका दांपत्याने त्याला दहा कोटी डॉलर दिले. शंभर डॉलरवर सुरू झालेली संस्था! पण आम्हांला त्या कोटींपेक्षा त्या अकरा जणी मोठ्या वाटतात. कोनशिलेवर नाव देणाऱ्याचे लागले, पण त्या बायका पहिल्या दिवशी आल्याच नसत्या तर शिलेला अर्थ काय होता?

बंधुभगिनींनो, विहाराच्या बांधकामात कोणाचे नाव वर, कोणाचे खाली, यावर आपण रात्र रात्र वाद घालतो. देणाऱ्याचा मान राखावाच. पण त्याच विहारात संध्याकाळी दोन तास फळा टांगला, आणि आपल्या वस्तीतली अंगठा लावणारी एखादी आजी नातीशेजारी बसून सही शिकली, तर ते नाव कोणत्याही शिलेवरच्या नावापेक्षा पक्के राहील. आणि ज्या भगिनी तिथे शिकतील, त्यांना उद्या कमिटीतही जागा द्या. त्यासाठी त्यांना शंभर वर्षे थांबायला लावू नका.

जयभीम!